गांजाच्या दुकानाची लायसन्स फी शहर कशी ठरवतं? मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

गावात गांजाच्या दुकानाचा अर्ज आला की आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस धुरळा उडतो. कोणी म्हणतं मुलं बिघडणार, कोणी म्हणतं गावाला पैसा मिळणार. मी काही वर्षं गावच्या वित्त समितीवर बिनपगारी काम केलंय. त्यामुळे पैशाचा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे वळतात. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही. दुकान काढायचंच असेल तर वकील गाठा.

इथे गांजा कायदेशीर आहे म्हणजे नक्की काय?

नोव्हेंबर २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी ‘क्वेश्चन ४’ हा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव मंजूर केला. २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसासाठी गांजा कायदेशीर झाला. प्रत्यक्ष दुकानं उघडली ती दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, लेस्टर आणि नॉर्थॅम्प्टन या दोन ठिकाणी. नॉर्थॅम्प्टनला पहिल्या ग्राहकांत खुद्द महापौर होते. पण ही मोकळीक राज्याची आहे. वॉशिंग्टनच्या केंद्रीय कायद्यात अशा विक्रीला परवानगी नाही, आणि पुढचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

लायसन्स देतं कोण, राज्य की शहर?

दोघंही. राज्याचं लायसन्स ‘कॅनबिस कंट्रोल कमिशन’ देतं. दुकानासाठी त्याची वार्षिक फी १०,००० डॉलर ठरवलेली आहे. लागवडीची फी जागेच्या क्षेत्रफळानुसार वाढत जाते. तिथे ११ पायऱ्या आहेत आणि एक लाख चौरस फुटांच्या वर परवानगीच नाही. राज्याकडे जाण्याआधी मात्र गावाशी करार करावा लागतो. त्याला ‘होस्ट कम्युनिटी अॅग्रीमेंट’ म्हणतात. शिवाय झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल याचा परवाना लागतो, लोकांसमोर एक बैठक घ्यावी लागते, आणि शाळेपासून ५०० फूट लांब राहण्याचा नियम आहेच. थोडक्यात, गावाने दार उघडल्याशिवाय राज्याच्या दारापर्यंत पोचता येत नाही. फीचं सगळं राजकारण या दारातच घडतं.

फी आणि कर यांत फरक काय? शेवटी पैसेच ना?

हा फरक नीट कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. घरपट्टी हा कर आहे. त्या पैशातून रस्ता होईल, शाळा होईल किंवा पोलिसांचा पगार होईल. तुमच्या घरासाठी नगरपालिकेने नेमकं काय केलं, हा हिशेब तिथे मागता येत नाही. फीचं तसं नाही. फी म्हणजे तुमच्यासाठी जे काम करावं लागलं त्याचा खर्च. नळजोडणीची फी घेतली तर नळ जोडून द्यायला हवा, आणि तिचा आकडा नळ जोडायला जे लागलं त्याच्या आसपास हवा.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘इमर्सन कॉलेज विरुद्ध बॉस्टन शहर’ या खटल्यात याच्या कसोट्या घालून दिल्या. बॉस्टन शहराने मोठ्या इमारतींवर जादा अग्निशमन सेवेचं शुल्क लावलं होतं. न्यायालयाने तीन गोष्टी विचारल्या. पैसे देणाऱ्याला इतरांपेक्षा वेगळी, खास सेवा मिळते का? ती सेवा नाकारून पैसे वाचवायची त्याला मुभा आहे का? आणि जमा केलेले पैसे खर्च भरून काढायला आहेत की तिजोरी भरायला? बॉस्टनचं शुल्क या कसोट्यांवर टिकलं नाही. ते कर ठरलं, आणि राज्याने अधिकार दिल्याशिवाय शहराला नवा कर लावता येत नाही.

भारतात कायदा शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्येच कर आणि फी यांची अशीच फारकत केली होती.

‘कम्युनिटी इम्पॅक्ट फी’ म्हणतात ती हीच का?

हो, आणि भांडणाचं मूळही तीच. दुकानामुळे गावावर जो बोजा पडेल, तो भरून काढण्यासाठी गावाने करारात एक फी घ्यावी, असं कायद्यात होतं. ती दुकानाच्या एकूण विक्रीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, पाच वर्षांपेक्षा जास्त काळ नको, आणि प्रत्यक्ष खर्चाशी तिचा ‘वाजवी संबंध’ हवा. म्हणजे ३ टक्के ही कमाल मर्यादा होती. बहुतेक गावांनी तोच दर समजला आणि सरसकट ३ टक्के लावून मोकळे झाले. खर्च किती झाला हे कोणी मोजलंच नाही. काहींनी त्यावर ‘स्वेच्छा देणग्या’ही मागितल्या. लायसन्स अडवणं गावाच्या हातात असताना दुकानदाराने दिलेल्या देणगीत स्वेच्छा किती असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग आता काय बदललं?

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. गावाने खर्चाची कागदपत्रं दाखवायची, आणि करारावर कमिशनची नजर राहणार. करारात ‘विक्रीच्या अमुक टक्के’ अशी ठरावीक अट घालता येत नाही. ३ टक्क्यांची मर्यादा कायम आहे, पण धंद्याच्या आठव्या वर्षानंतर ही फी बंद. फीच्या पलीकडे देणगी वगैरे मागायला मनाई आहे. आकडा पटला नाही तर दुकानदार करारभंगाचा दावा लावू शकतो. नॉर्थॅम्प्टनने तर हा कायदा यायच्या आधीच ही फी घेणं थांबवलं होतं, त्याचं मला कौतुक वाटतं. काही शहरांना घेतलेले पैसे परत करावे लागले. अशा परताव्याची तरतूद बजेटमध्ये करताना वित्त समितीचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रत्यक्ष आकडा काढतात कसा?

कागद घ्यायचा आणि तास मोजायचे. एका काल्पनिक दुकानाचं उदाहरण घेऊ.

अग्निशमन आणि बांधकाम विभाग वर्षात चार वेळा येतात, दर वेळी तीन तास, म्हणजे १२ तास. आरोग्य विभागाचे १० तास, कारण खाण्याचे पदार्थ आहेत आणि वासाच्या तक्रारी आहेत. वजनमाप अधिकाऱ्याचे २ तास. पोलीस सुरक्षा आराखडा तपासतात, त्याचे ६ तास. क्लार्कच्या टेबलावर नूतनीकरण, पत्रव्यवहार, सुनावणीची नोटीस यांत १५ तास. एकूण ४५. पगार, आरोग्य विमा, पेन्शन धरून तासाचा खर्च ७० डॉलर मानला तर ३,१५० डॉलर होतात. त्यावर इमारत, संगणक, वीज असा वरखर्च २० टक्के धरला की ६३० आणखी. बेरीज ३,७८० डॉलर.

आता हेच दुकान वर्षाला ४० लाख डॉलरची विक्री करतं असं धरा. त्याचे ३ टक्के म्हणजे १,२०,००० डॉलर.

३,७८० आणि १,२०,००० या दोन आकड्यांमधल्या अंतरातच गेल्या काही वर्षांतले बहुतेक खटले बसतात. माझे तास कोणाला कमी वाटतील. दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी लाखाच्या जवळ जात नाही. पहिल्या वर्षी आराखड्यांची छाननी असते, सल्लागार नेमावा लागतो, तेव्हा खर्च जास्त येतो हे खरं. पण तो एकदाचा खर्च आहे, दर वर्षीच्या फीत तो पुन्हा पुन्हा मोजता येत नाही.

तपासणीत एवढं काय बघतात?

मी एकदा एका तपासनीसाबरोबर मागे मागे फिरलोय. दुकानात फार काही नसतं. कॅमेऱ्याचं चित्र स्पष्ट आहे का, ओळखपत्र दारातच तपासतात का, तिजोरीच्या खोलीचं दार बाहेरून कार्डावर उघडत असलं तरी आतल्या माणसाला कार्डाशिवाय बाहेर पडता येतं का. आग लागली तर या शेवटच्या मुद्द्यावर जीव वाचतो. तराजूवर गावच्या वजनमाप अधिकाऱ्याचं त्या वर्षीचं स्टिकर आहे का, हेही बघतात. आपल्याकडे वाण्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, तसंच हे.

लागवडीची आणि अर्क काढायची जागा मात्र वेगळीच. झाडं जोमाने वाढावीत म्हणून बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडतात. गळती झाली तर माणूस आत गुदमरतो, म्हणून गळती ओळखणारं यंत्र लागतं. अर्क काढायला काही ठिकाणी ब्यूटेन किंवा प्रोपेन वापरतात. घरगुती गॅसच्या सिलिंडरला आपण किती जपतो ते आठवा आणि तसलाच वायू कारखान्यात खेळवताहेत अशी कल्पना करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंहितेत २०१८ च्या आवृत्तीपासून गांजाच्या जागांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे ते उगाच नाही. त्यामुळे दुकानाला आणि अर्काच्या कारखान्याला एकच फी लावणं मला चूक वाटतं. दुसऱ्याकडे तपासनीसाचा दिवस मोडतो.

गर्दी, ट्रॅफिक, पार्किंग यांचा खर्च फीत धरता येतो ना?

दुकानामुळे खरोखर झालेला असेल तर येतो. लेस्टरला २०१८ मध्ये पहिल्या दिवसांत रूट ९ वर गाड्यांची रांग लागली, आसपासच्या घरांच्या दारात अनोळखी गाड्या उभ्या राहिल्या, आणि रहिवासी चिडले. पण तेव्हा अख्ख्या पूर्व अमेरिकेत उघडलेली ती दोनच दुकानं होती. आज शेजारच्या तीन गावांत दुकानं असताना तोच खर्च तुमच्या तक्त्यात घालाल तर हसं होईल. आणि रस्त्यावर उभा केलेला ‘डीटेल’ पोलीस, म्हणजे जादा ड्यूटीवर मागवलेला पोलीस असेल तर त्याचं बिल सहसा दुकानदारच थेट भरतो. ते फीत धरलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतल्यासारखं होतं.

शाळेतला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम या फीतून चालवावा, असं आम्हा पालकांना वाटतं. का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर देताना मलाच वाईट वाटतं. कार्यक्रम चांगला आहे. पण एका विशिष्ट दुकानामुळे गावाला तो खर्च करावा लागला, हे कागदावर दाखवणं कठीण. मुलांना व्हेपची सवय गावात दुकान उघडायच्या आधीच लागलेली असते. दुकानदाराचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

पैसा हवाच असेल तर तो पुढच्या प्रश्नातल्या पिशवीतून मागा.

३ टक्के लोकल टॅक्स म्हणतात तो वेगळा का?

पूर्ण वेगळा. ग्राहक बिलावर राज्याचा १०.७५ टक्के अबकारी कर, ६.२५ टक्के विक्रीकर आणि गावाने ठराव केला असेल तर गावाचा ३ टक्के कर भरतो. एकूण २० टक्के. डॉक्टरांच्या शिफारशीने घेणाऱ्या रुग्णाला हे कर नाहीत. गावाचा ३ टक्के हा सरळ कर आहे, त्यासाठी खर्चाचा हिशेब दाखवावा लागत नाही. तो पैसा शाळा, खड्डे, वाचनालय, कशालाही वापरता येतो. वरच्या उदाहरणातल्या दुकानातून गावाला या मार्गाने १,२०,००० डॉलर तसेही मिळतातच. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. गावाची कमाई या करातून घ्या आणि खर्च फीतून भागवा, एवढं साधं आहे.

फॉल रिव्हरच्या महापौराचं काय झालं होतं?

फॉल रिव्हर हे मॅसॅच्युसेट्समधलंच शहर, आणि महापौर जॅसिएल कोरेया. २०१५ मध्ये तेविसाव्या वर्षी महापौर म्हणून निवडून आला. दुकान काढायला तेव्हा शहराचं ‘नॉन-ऑपोझिशन’ पत्र लागायचं. आपल्या भाषेत ना-हरकत दाखला! तो देण्यासाठी त्याने धंदेवाल्यांकडून ७५ हजारांपासून अडीच लाख डॉलरपर्यंत रकमा उकळल्याचा आरोप केंद्रीय सरकारी वकिलांनी ठेवला. सप्टेंबर २०१९ मध्ये अटक झाली, मे २०२१ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. दाखला एकाच माणसाच्या सहीवर आणि फीला ठरलेलं गणित नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं याचं हे सरळ उदाहरण आहे. ना-हरकत दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल वाटलं तर शिक्षेचं वाटेल.

इतर राज्यांत कसं आहे?

कॅलिफोर्नियात २०१० च्या ‘प्रपोझिशन २६’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने कर आणि फी यांच्यामधली रेघ राज्यघटनेतच आखली. खर्चापेक्षा जास्त फी घेतली की तो कर धरला जातो, आणि कर म्हटला की मतदारांकडे जावं लागतं. म्हणून तिथली शहरं फी वाढवण्याआधी खर्चाचा अभ्यास करून घेतात आणि मोठी कमाई मतदानाने मंजूर केलेल्या करातून करतात. ओकलंडने २००९ मध्ये मतदारांसमोर जाऊन असा कर लावला, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. त्याच ओकलंडने २०१० मध्ये चार अवाढव्य गांजाशेतांसाठी वर्षाला २,११,००० डॉलर परवाना फी ठरवली होती. केंद्रीय सरकारी वकिलांचं इशारा देणारं पत्र आलं आणि बेत बारगळला.

वॉशिंग्टन राज्याने दुसरं टोक धरलं. २०१२ च्या कायद्यात अर्जाचे २५० डॉलर आणि लायसन्सचे वर्षाला १,००० डॉलर, आणि कर मात्र जबर. २०१५ पासून तो ३७ टक्के आहे. मला विचाराल तर ही रचना जास्त प्रामाणिक वाटते. पैसे कशाचे घेतोय हे ग्राहकाला बिलावर दिसतं, आणि नव्या माणसाला धंद्यात शिरताना दारातच लाखभर डॉलर मोजावे लागत नाहीत.

फी कमी ठेवली तर गावात दुकानांची रांग लागेल का?

नाही. संख्या झोनिंगने आणि गावाच्या नियमाने ठरते. गावातल्या दारूच्या बाटल्या विकणाऱ्या दुकानांच्या २० टक्के इतकी मर्यादा गाव घालू शकतं. त्याहून खाली जायचं तर मतदान घ्यावं लागतं.

दारूच्या लायसन्ससारखं लिलाव करून विकलं तर?

हा प्रश्न मुंबई-पुण्याकडून आलेलीच माणसं विचारतात, आणि त्याला कारण आहे. भारतात दारूच्या ठेक्याचा पैसा फीही नाही आणि करही नाही. दारू विकायचा विशेषाधिकार सरकारकडे आहे आणि ही त्याची किंमत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हरशंकर खटल्यात म्हटलं. त्यामुळे तिथे खर्चाचा हिशेब लागत नाही, बोली लागते. इथल्या गावाला गांजाच्या बाबतीत असा विशेषाधिकार कायद्याने दिलेला नाही.

एवढी विक्री होते तर दुकानदार फीसाठी का रडतात?

राज्यात २०२४ मध्ये १.६ अब्ज डॉलरवर विक्री झाली, हे खरं. पण दुकानं वाढली तसे भाव पडले. आणि केंद्रीय आयकर कायद्यातलं २८०ई हे कलम आहे. केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत पहिल्या दोन अनुसूचींत असलेले पदार्थ विकणाऱ्याला त्या कलमाखाली भाडं, पगार, लायसन्स फी यांतलं काहीच उत्पन्नातून वजा करता येत नाही. वजा होते ती फक्त मालाची किंमत. गांजा १९७० च्या कायद्याने पहिल्या अनुसूचीत गेला, त्यामुळे तोट्यातल्या दुकानालाही प्राप्तिकर भरावा लागल्याच्या तक्रारी आहेत. मोठ्या बँका या धंद्यापासून लांब राहिल्या. काही स्थानिक बँका आणि क्रेडिट युनियन खाती देतात, पण त्याचे दरमहा वेगळे पैसे घेतात.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजावर देशभर बंदी आहे. झाडाचे शेंडे नसलेली नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून राजस्थान-उत्तर प्रदेशात भांगेची ठेक्याची दुकानं दिसतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. आणि अशा पदार्थांवरचं उत्पादन शुल्क हा भारतात राज्याचा विषय. नगरपालिकेचा त्यात हात नाही.

गंमत म्हणजे बंदी की कर हा वाद आपल्याकडे फार जुना. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने मुंबई इलाख्यातल्याही साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाने आणि कर बरे असा कौल दिला.

मी एच-१बी वर आहे. मित्राच्या दुकानात भागीदारी घेऊ का? फी तर शहरच घेतं, म्हणजे सगळं अधिकृतच ना?

नका घेऊ. शहराची पावती इमिग्रेशनच्या टेबलावर चालत नाही. केंद्राच्या नजरेत तो अमली पदार्थांचा व्यापार आहे, आणि त्यातला सहभाग ग्रीन कार्ड अडवू शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात अशा धंद्यातली नोकरीसुद्धा ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकते, असं यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं. पैसे गुंतवणं, हिशेब लिहून देणं, जागा भाड्याने देणं, यातलं काहीही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आमच्या गावात पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. जाऊन काय बोलू?

बोलायला सहसा तीन मिनिटं मिळतात. त्यात गांजा चांगला की वाईट यावर भाषण करू नका. ते २०१६ मध्ये मतपेटीत ठरलं, आणि सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाची माणसं अशा वेळी घड्याळाकडे बघतात. त्यापेक्षा विचारा की मागच्या वर्षी या दुकानावर कुठल्या विभागाचे किती तास गेले, आणि तो तक्ता कुठे आहे. वासाची तक्रार असेल तर तारीख आणि वेळ लिहून न्या. ‘सारखा वास येतो’ याला वजन नाही. ‘मंगळवारी रात्री दहाला मागच्या गल्लीत’ याला आहे, कारण त्यावर तपासनीसाला पाठवता येतं आणि तो तास खर्चात धरता येतो. तक्ता सभेत मिळाला नाही तर टाउन क्लार्ककडे सार्वजनिक नोंदींचा लेखी अर्ज करा. त्यांना दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.